मातीतला कर्ब नक्की कोण धरून ठेवतं? (खनिजं, जिवाणू आणि साठवण)

मृण्मयी_क (धागाकर्ती)

सेंद्रिय कर्बावरच्या (मातीतल्या सजीवांपासून आलेल्या कार्बनवरच्या) कुठल्याही चर्चेत एक वाक्य हमखास येतं: "काडीकचरा घालत राहा, कर्ब वाढत जाईल." खोटं नाही, पण अर्धवट आहे. जमिनीत घातलेल्या काडीकचऱ्यातला बहुतेक कर्ब जिवाणू आणि बुरशी काही वर्षांत खाऊन हवेत सोडून देतात. जो थोडा मागे राहतो तो का राहतो? आणि खत सारखं, पाऊस सारखा, तरी एका जमिनीत तो टिकतो नि दुसरीत टिकत नाही, हे कसं?

आधी पसारा किती मोठा आहे ते बघू. जगभरच्या जमिनींच्या वरच्या एक मीटर थरात साधारण १,५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. हवेत कार्बन डायऑक्साइडच्या रूपात आहे तो साडेआठशे ते नऊशे अब्ज टन. सगळ्या झाडाझुडपांत मिळून याहून बराच कमी. त्यामुळे मातीतला कर्ब किती घट्ट बसलाय हा प्रश्न फक्त पिकापुरता राहत नाही.

जुनं उत्तर आपण सगळ्यांनी पाठ केलेलं आहे. कुजताना साखर-प्रथिनं आधी संपतात, लिग्निनसारखे (लाकडाला कडकपणा देणारा घटक) चिवट पदार्थ उरतात, ते एकमेकांत गुंफून मोठमोठे काळे रेणू बनतात आणि त्यांना कुणी खाऊ शकत नाही. तेच ह्यूमस. या कल्पनेचं मूळ १७८६ मध्ये फ्रान्झ आखार्ड यांनी पीटमधून (दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींतून) अल्कली वापरून काढलेल्या काळ्या द्रावणापर्यंत जातं. गोम तिथेच आहे. इतक्या तीव्र अल्कलीत माती घातली की काळं काहीतरी निघणारच, पण ते त्या रूपात मातीत होतं की बाटलीत तयार झालं? २०११ मध्ये श्मिट आणि सहकाऱ्यांनी आणि २०१५ मध्ये लेमन-क्लेबर या जोडीने 'नेचर'मध्ये हा सगळा डोलारा तपासून पाहिला. मातीत लिग्निन अपेक्षेपेक्षा लवकर नाहीसं होतं आणि "सोपी" साखर नि प्रथिनं मात्र कित्येक दशकं सापडत राहतात. पदार्थ चिवट असल्यामुळे टिकतो हे गणित इथे बसत नाही.

मग बसतं काय? तो पदार्थ कुठे आहे, हे. चिकणमातीच्या आणि लोह-अ‍ॅल्युमिनियमच्या खनिजांना चिकटलेला कर्ब, किंवा बारीक ढेकळाच्या आत अडकलेला कर्ब, जिवाणूच्या हाती लागत नाही. कुलूप नाही, फक्त उंच फळीवर ठेवलेला डबा. खायला काही अडचण नाही, हात पोचत नाही एवढंच.

आणि सगळ्यात मजेशीर भाग: फळीवर जे जाऊन बसतं त्यातलं बरंचसं झाडाचं उरलंच नसतं. ते मेलेल्या जिवाणूंचे आणि बुरशीचे अवशेष असतात. पेशीभित्तिका, प्रथिनं, चिकट स्राव. जो कर्ब संपवतो तोच मरून कर्ब साठवतो. यावर बोलू या. प्रश्न, हरकती, भांडण, सगळ्याचं स्वागत.

---

टिंबटिंब

वाचनखूण साठवली. निवांत वाचणार.

---

शंकेखोर

चांगला धागा. पण शेवटच्या परिच्छेदात मला कोलांटउडी दिसतेय. जिवाणू वाढले की श्वसन वाढणार, म्हणजे कर्ब जाणार. आणि तुम्ही म्हणता जिवाणू वाढले की अवशेष वाढणार, म्हणजे कर्ब साठणार. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? "जिवाणू वाढवा" असा सल्ला द्यायचा की नाही?

---

मृण्मयी_क

@शंकेखोर, दोन्ही खरं आहे, आणि कुठलं पारडं जड ते दोन गोष्टींवर ठरतं. एक, जिवाणूने खाल्लेल्या कर्बातला किती भाग अंगी लावला आणि किती श्वासातून घालवला. मातीत अंगी लागणारा भाग सहसा निम्म्याहून कमीच असतो. कोवळा पाला, मुळांतून झिरपणारी साखर, पुरेसा नत्र असलेलं अन्न मिळालं तर तो वाढतो. नुसता वाळका भुसा घातला, नत्राची ओढाताण असली, तर खाल्लेलं बरंचसं वायाच जातं. दोन, मेल्यानंतर ते अवशेष पकडायला जवळ मोकळं खनिज आहे का. वाळूच्या ढिगात जिवाणू कितीही जोमात वाढवले तरी त्यांचे अवशेष दुसरे जिवाणू खातील, तिसरे त्यांना खातील, आणि दर पायरीला कर्ब उडत जाईल.

फ्रान्चेस्का कोत्रुफो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नेमकी हीच जोडी मांडली: जिवाणूंची कार्यक्षमता आणि खनिजांची पकड. तेव्हा सल्ला द्यायचाच तर "जिवाणू वाढवा" असा सुटा देऊ नये. खनिज बघून द्यावा.

---

खलबत्ता

प्रयोगशाळेतल्या बाजूने थोडं लिहितो, कारण "खनिजाला चिकटलेला कर्ब" म्हटलं की लोकांना ते हवेतलं वाटतं. प्रत्यक्षात तो वेगळा काढता येतो.

वाळवून चाळलेली माती घ्यायची, ढेकळं फुटावीत म्हणून मीठवजा द्रावणात (सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट) रात्रभर हलवत ठेवायची. मग ५३ मायक्रोमीटरच्या चाळणीवर पाण्याच्या धारेखाली धुवायची. चाळणीवर राहतात ते वाळूचे कण आणि त्यांच्यासोबत मुळांचे तुकडे, पानांच्या शिरा, तपकिरी कुरमुडा. भिंगाशिवायही ओळखू येतो. खाली जातं ते दुधाळ-तपकिरी पाणी. ते वाळवलं की तळाशी एक घट्ट पापुद्रा धरतो, त्यात वनस्पतीचं म्हणावं असं काही दिसत नाही. आणि तरीही बहुतेक जमिनींत कर्बाचा मोठा हिस्सा त्या पापुद्र्यातच निघतो!

दुसरी पद्धत घनतेची. सोडियम पॉलिटंगस्टेटचं १.६ ते १.८ घनतेचं (ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर) द्रावण करतात. सुटा कचरा वर तरंगतो, खनिजाला चिकटलेलं खाली बसतं. हे रसायन महाग आहे, गाळून पुन्हा पुन्हा वापरावं लागतं, नि हात तपकिरी नाही पण डोकं नक्की उठतं.

वरच्या तुकड्यांचं कर्ब-नत्र गुणोत्तर झाडाच्या जवळ असतं, वीस-तीस किंवा जास्त. खालच्या पापुद्र्याचं दहा-बाराच्या आसपास येतं, म्हणजे जिवाणूंच्या शरीराकडे झुकलेलं. मृण्मयीताईंच्या "मेलेल्या जिवाणूं"चा हा एक ठसठशीत पुरावा.

---

बांधावरचा

ताई, खलबत्ताराव, लिहिताय ते समजतंय. माझा सरळ प्रश्न. चिकणमाती जास्त तर कर्ब जास्त, असं असेल तर काळ्या भारी जमिनीत कर्ब ठासून भरलेला हवा. माती परीक्षणाचे अहवाल बघितले तर काळ्या जमिनीत पाऊण टक्का, अर्धा टक्का असले आकडे दिसतात. मग ती काळी कशामुळे? आणि खनिजं काय करतात तिथे?

---

भू_गर्भ

@बांधावरचा, अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. रंगावर जाऊ नका. स्मेक्टाइट गटाच्या चिकणमातीत थोडासाच सेंद्रिय पदार्थ पृष्ठभागावर पातळ पसरला तरी माती गडद काळी दिसते. उलट स्टेपी गवताळ प्रदेशातल्या चेर्नोझेम मातीचा काळेपणा खरोखरच भरपूर कर्बाचा असतो. दोन्ही काळ्या, पण आतला हिशेब वेगळा.

आता मुख्य मुद्दा. खनिज म्हणजे जागा. जागा आहे म्हणून भरती होतेच असं नाही. वर्षातले बरेच महिने जमीन कोरडी, उरलेले महिने उष्ण, काढणीनंतर रान मोकळं, वर नांगरट. आत येणारा कर्बच थोडा आणि खाणाऱ्यांना उब भरपूर. जागा रिकामीच राहणार.

आणि "चिकणमाती किती टक्के" हे मोजमाप तसं भोंगळ आहे. दोन मायक्रोमीटरपेक्षा बारीक ते सगळं चिकणमातीत धरतात, पण त्यात कोण आहे ते महत्त्वाचं. केओलिनाइट या न फुगणाऱ्या चिकणखनिजाचा एक ग्रॅम घेतला तर पृष्ठभाग साधारण १० ते २० चौरस मीटर. मॉन्टमोरिलोनाइटचा (हे वरच्या स्मेक्टाइट गटातलंच), थरांच्या मधली जागा धरून, सातशे-आठशे चौरस मीटरपर्यंत जातो. फेरिहायड्राइट हे नुकतं तयार झालेलं, नीट स्फटिक न बनलेलं लोहखनिज. त्याचा पृष्ठभाग दोनशे-तीनशेच्या घरात, पण त्याची पकड वेगळ्याच जातीची. चिकणमातीच्या पत्र्यावर ऋण भार असतो आणि सेंद्रिय आम्लांवरही ऋण भार असतो, म्हणून त्यांचं थेट जमत नाही. मध्ये कॅल्शियमसारखा दोन धन भारांचा आयन लागतो, पूल म्हणून. लोहाच्या ऑक्साइडवर मात्र बहुतेक जमिनींच्या सामूला (पीएच) धन भार असतो आणि सेंद्रिय आम्लाचा रेणू त्याच्या पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल (OH) गटाला ढकलून थेट लोहाशी बंध करतो. तो बंध सहज सुटत नाही.

२०१८ मध्ये रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी मोठा विदासंच घेऊन दाखवलं की कोरड्या, अल्कधर्मी जमिनींत कर्बाचं भाकीत विनिमयक्षम (कणांवर सैल बसलेल्या, अदलाबदल होऊ शकणाऱ्या) कॅल्शियमवरून चांगलं होतं, आणि ओल्या, आम्लधर्मी जमिनींत लोह-अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडवरून. चिकणमातीची टक्केवारी दोन्हीकडे मागे पडली.

---

नितळ

भू_गर्भ, ज्वालामुखीच्या राखेतल्या मातीबद्दल लिहा ना. त्यात कर्ब प्रचंड असतो असं ऐकून आहे.

---

भू_गर्भ

हो, अँडिसॉल. पृथ्वीच्या बर्फ नसलेल्या जमिनीचा जेमतेम एक टक्का, पण मातीतल्या कर्बात वाटा पाच टक्क्यांच्या आसपास. कारण अ‍ॅलोफेन आणि इमोगोलाइट. राखेतली काच झिजून ही खनिजं बनतात. स्फटिकाची शिस्त नाही, पोकळ नॅनो-गोळे आणि नळ्या, पृष्ठभाग अफाट.

या विषयात माझा सर्वांत आवडता अभ्यास हवाईचा आहे. मार्गारेट टॉर्न आणि सहकारी, 'नेचर', १९९७. हवाईच्या बेटांवर लाव्हाचे प्रवाह वेगवेगळ्या वयाचे, पण खडक एकाच प्रकारचा. त्यांनी पाऊस, तापमान, झाडी जवळपास सारखी असलेल्या जागा निवडल्या. फरक फक्त वयाचा, तीनशे वर्षांपासून एक्केचाळीस लाख वर्षांपर्यंत. मातीतला कर्ब वयाबरोबर वाढत गेला, सुमारे दीड लाख वर्षांच्या मातीत शिखराला पोचला, आणि नंतर घसरला. अस्फटिक खनिजांचं प्रमाण नेमकं तसंच चढलं नि उतरलं. पुढच्या लाखो वर्षांत ती खनिजं केओलिनाइट, गोएथाइट अशी नीट स्फटिकी बनली, पृष्ठभाग कमी झाला, कर्ब सुटला. हवामान तेच, झाडं तीच. "कर्ब कुणाच्या जोरावर" याला इतकं स्वच्छ उत्तर प्रयोगशाळेतही सहसा मिळत नाही.

---

कोरा_कागद

आतापर्यंत जिवाणू म्हणजे नुसते खाणारे, मरणारे. खनिजांचा जिवंत जिवाणूंवर काय परिणाम होतो? शीर्षकात जिवाणू पण आहेत.

---

खलबत्ता

@कोरा_कागद, आकारापासून सुरुवात करा. मातीतला जिवाणू अर्धा ते दोन मायक्रोमीटर. चिकणमातीचा कण त्याच्याइतका किंवा त्याहून लहान. म्हणजे जिवाणू मातीच्या कणावर बसलाय असं चित्र वाळूच्या बाबतीत ठीक, चिकणमातीत उलट होतं: चिकणमातीचे पत्रेच जिवाणूला चहूबाजूंनी चिकटतात. तो स्वतःभोवती चिकट स्राव सोडतो, पत्रे त्यात रुततात आणि एक बारीक ढेकूळ तयार होतं. आत कोरड हळू पोचते, शिकारी एकपेशीय जीव आत शिरू शकत नाहीत. मेल्यावर तेच ढेकूळ त्याचं थडगं.

ग्रॅमभर मातीत दहा कोटींपासून हजार कोटींपर्यंत जिवाणू असू शकतात. ऐकायला गर्दी वाटते. पण पृष्ठभागाच्या हिशेबात ते एक टक्काही जागा व्यापत नाहीत. बाकी सगळं ओसाड. म्हणून एखादा सेंद्रिय रेणू जिवाणूपासून काही मायक्रोमीटरवर पडून राहिला तरी तो वर्षानुवर्षं सुरक्षित असू शकतो.

जिवाणू लांबचं अन्न खाण्यासाठी विकरं (एन्झाइम) बाहेर सोडतो. तीही प्रथिनंच. ती चिकणमातीला चिकटतात आणि अनेकदा कामाचं टोक दाबलं जाऊन थंडावतात. मोकळ्या डीएनएचंही तसंच, मातीला चिकटलं की त्याला तोडणारी विकरं निष्प्रभ होतात, म्हणून मेलेल्या जिवाणूचं डीएनए मातीत बराच काळ सापडतं.

पण खनिजं जिवाणूंना नुसती अडवत नाहीत, पोसतातही. गुंथर स्टॉट्झ्की यांनी १९६० च्या दशकात दाखवलं की मॉन्टमोरिलोनाइट घातलं की जिवाणूंचं श्वसन वाढतं, केओलिनाइटने फारसं काही होत नाही. कारण साधं आहे. जिवाणू वाढताना आम्ल सोडतात, सामू घसरतो आणि ते स्वतःच अडकतात. मॉन्टमोरिलोनाइट ते हायड्रोजन आयन घेतं, बदल्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम सोडतं, सामू जागेवर राहतो. स्टॉट्झ्कींचं त्याआधीचं काम मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मर रोगावरचं. ज्या जमिनींत मॉन्टमोरिलोनाइटसारखी खनिजं होती तिथे रोग हळू पसरत होता. जिवाणूंना अशा मातीत बळ मिळतं आणि ते रोगाच्या बुरशीला वाढू देत नाहीत, असा त्यांचा अर्थ.

---

शंकेखोर

म्हणजे एकाच खनिजाने जिवाणूला आधार द्यायचा आणि त्याचं जेवणही लपवायचं. बरं, पटलं.

पण मृण्मयी, तुमची फळीवरच्या डब्याची उपमा मला खटकते. त्यात असं गृहीत आहे की फळी भक्कम आहे. खनिज काही दगडावरची रेघ नाही. मुळं आम्लं सोडतात, जिवाणू लोह श्वासात वापरतात. फळीच खाली येते त्याचं काय?

---

मृण्मयी_क

@शंकेखोर, हरकत मान्य, आणि इथेच विषय सगळ्यात रंगतो.

मुळांचं आधी. बरीच मुळं ऑक्झॅलिक आम्ल सोडतात. २०१५ मध्ये मार्को काइलुवाइट आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम मुळातून ऑक्झॅलिक आम्ल मातीत सोडून पाहिलं. ते आम्ल लोह-अ‍ॅल्युमिनियमला धरून विरघळवतं, त्याला चिकटलेला जुना कर्ब सुटा होतो, आणि जिवाणू तो खाऊन टाकतात. नवीन कर्ब मिळाल्याने भूक चाळवली की जुनाही फस्त होतो हे आधीपासून माहीत होतं. इथे त्याचं एक यंत्र सापडलं, ज्यात जिवाणूपेक्षा खनिजाची पकड सुटणं मोठं.

दुसरं, पाणी तुंबलं की. ऑक्सिजन संपला की जिओबॅक्टर, श्वानेला यांसारखे जिवाणू त्रिसंयुजी लोहावर (गंजातलं Fe³⁺) इलेक्ट्रॉन टाकून श्वसन करतात. घन लोह-ऑक्साइड द्विसंयुजी (Fe²⁺) होऊन विरघळतो आणि त्याच्यावर बसलेला कर्ब पाण्यात येतो. १९८७-८८ च्या सुमारास हे जिवाणू वेगळे काढले गेले तेव्हा लोक थक्क झाले होते, कारण श्वसनाला वापरायचा पदार्थ पेशीबाहेर, तोही घन!

पण लगेच "तुंबलेलं पाणी म्हणजे कर्बाचं नुकसान" असं समजू नका. ऑक्सिजन नसला की कुजणंही मंदावतं. खरी गडबड ओलं-कोरडं, ओलं-कोरडं अशा फेऱ्यांत होते. पाणी ओसरलं की द्विसंयुजी लोह पुन्हा गंजून ताजं फेरिहायड्राइट बनतं आणि नवा कर्ब पकडतं. त्याच वेळी द्विसंयुजी लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्यातून अतिशय आक्रमक हायड्रॉक्सिल मूलकं (फ्री रॅडिकल) तयार होतात, जी सेंद्रिय रेणूंना तोडतात. एकाच गंजण्यात पकडणं आणि तोडणं दोन्ही. कुठलं वरचढ ठरेल ते त्या जागेवर अवलंबून.

---

नितळ

अवांतर: समुद्रतळाच्या गाळातही हेच चालतं. २०१२ मध्ये लालोंद आणि सहकाऱ्यांनी मोजलं तेव्हा गाळातल्या सेंद्रिय कर्बापैकी पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त थेट लोहाशी बांधलेला निघाला. गंजाने अडवलेला कर्ब. मँगनीजची गोष्ट दुहेरी आहे. जंगलातल्या पाचोळ्यात तेच मँगनीज लिग्निन तोडायला बुरशीच्या कामी येतं, आणि गाळात लोह-मँगनीज मिळून साखर नि अमिनो आम्लांना जोडून मोठे रेणू बनवतात, तेही २०२३ मध्ये समोर आलं.

---

बांधावरचा

ताई, एवढं सगळं ठीक. मग माणसाने करायचं काय? जागा रिकामी आहे म्हणालात, ती भरते किती आणि केव्हा थांबते?

---

बेरीजवजाबाकी

हिशेबाचं काम मला द्या.

एक हेक्टर, १५ सेंटीमीटर खोली, घनता १.३ (ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर). माती झाली १,९५० टन. कर्ब अर्ध्या टक्क्यावरून ०.६ वर न्यायचा म्हणजे ०.१ टक्का वाढ, म्हणजे १.९५ टन कर्ब. कार्बन डायऑक्साइडमध्ये ४४ भागिले १२ ने (रेणूचं वजन भागिले त्यातल्या कर्बाचं वजन) गुणा, सव्वासात टनांच्या थोडं खाली येतं. छान वाटतं.

आता दुसरी बाजू. टिकाऊ सेंद्रिय पदार्थ म्हणजे नुसता कर्ब नव्हे. किर्कबी आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या मातींत तपासलं तेव्हा १०,००० भाग कर्बामागे साधारण ८३३ भाग नत्र, २०० स्फुरद आणि १४३ गंधक आढळलं. त्या हिशेबाने १.९५ टन कर्ब बसवायला सुमारे १६० किलो नत्र, ३९ किलो स्फुरद, २८ किलो गंधक अडकून पडणार. ते कुठून तरी यावं लागेल. भुसा-पेंढ्याच्या ढिगाने कर्ब का वाढत नाही याचं उत्तर यात आहे. कार्बन क्रेडिटच्या जाहिरातीत हा रकाना मी आजवर पाहिलेला नाही.

---

भू_गर्भ

बेरीजवजाबाकींना +१.

"केव्हा थांबते" याबद्दल. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात ब्रॉडबाल्क हे प्रयोगाचं शेत १८४३ पासून चालवलं जातंय. तिथल्या एका पट्ट्याला दर वर्षी हेक्टरी सुमारे ३५ टन शेणखत. खत न घातलेल्या पट्ट्याच्या तुलनेत कर्ब दुपटीहून जास्त झाला, पण वाढीचा वेग सुरुवातीला मोठा आणि नंतर मंद मंद होत गेला. खत दर वर्षी तेवढंच, वाढ मात्र नाही. यात काही भाग साध्या समतोलाचा आहे (येणारं आणि कुजणारं बरोबरीला येतं) आणि काही खनिजाची जागा भरत जाण्याचा. दोन्ही वेगळे काढणं सोपं नाही, म्हणून "संपृक्तता" हा शब्द लोक जरा सैल वापरतात असं माझं मत.

जॉर्जिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जगभरचे ११४४ मृदाछेद (वरून खालपर्यंत तपासलेले मातीचे उभे काप) घेऊन अंदाज मांडला: खनिजांची जी क्षमता आहे त्यातली वरच्या थरात ४२ टक्के आणि खालच्या थरात २१ टक्केच वापरात. सर्वांत मोठी रिकामी जागा लागवडीखालच्या जमिनींत आणि खोल थरांत.

---

शंकेखोर

त्या ४२ टक्क्यांबद्दल सावध राहा. क्षमता म्हणजे काय, तर सर्वांत भरलेल्या मातींवरून काढलेली वरची मर्यादा. म्युनिकच्या गटाने (फोगेल आणि सहकारी, २०१४) नॅनोसिम्सखाली (कणावर कुठलं मूलद्रव्य कुठे आहे याचा अतिसूक्ष्म नकाशा काढणारं यंत्र) मातीचे बारीक कण पाहिले तेव्हा नवीन सेंद्रिय पदार्थ खनिजाच्या सपाट पृष्ठभागावर पसरलाच नाही. खडबडीत कडा, खाचा, आणि जिथे आधीच थोडा सेंद्रिय पदार्थ होता तिथेच ठिपक्याठिपक्यांनी बसला. पृष्ठभागाचा १९ टक्क्यांहूनही कमी भाग व्यापलेला. बाकी चकचकीत मोकळं. म्हणजे चौरस मीटर मोजून क्षमता सांगणं हाच मुळात ढोबळ प्रकार.

---

कोरा_कागद

मग खोल थर रिकामे आहेत तर खोल नांगरून वरचा कर्ब खाली गाडला की झालं?

---

मृण्मयी_क

@कोरा_कागद, जपून. फॉन्तेन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये खोल थरातल्या मातीला सेल्युलोजच्या रूपात ताजा कर्ब दिला. तिथला अडीच हजार वर्षांहून जुना कर्ब जिवाणूंनी खायला सुरुवात केली. इतकी वर्षं तो नुसत्या खनिजामुळे नाही, खाणाऱ्यांना ताजं इंधन नव्हतं म्हणूनही पडून होता. शिवाय खोल नांगरटीने ढेकळं फुटतात, आतला अडकलेला कचरा उघडा पडतो. खाली कर्ब पोचवायचाच असेल तर खोल मुळांची पिकं हा बरा मार्ग. मुळांतून येणारा कर्ब पाल्यापेक्षा जास्त प्रमाणात टिकतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, कारण तो थेट खनिजाच्या शेजारी, जिवाणूंच्या तोंडाशी आणि थोडा थोडा सुटतो.

@बांधावरचा, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: जमीन वर्षभर मुळांनी भरलेली ठेवा, द्विदल मिसळा म्हणजे नत्राची सोय होईल, नांगरट कमी करा, आणि आम्लधर्मी जमीन असेल तर चुना विचारपूर्वक. कॅल्शियमचा पूल मिळतो, पण सामू वाढल्याने जिवाणूही चेकाळतात.

---

नितळ

आणि बेसाल्टची पूड टाकून कर्ब साठवतात म्हणतात, ते यातच बसतं का?

---

भू_गर्भ

@नितळ, मुख्यतः नाही. तिथे खडक झिजताना कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेट बनून पाण्यासोबत जातो. तो असेंद्रिय कर्ब. झिजण्यातून नवी अस्फटिक खनिजं तयार होऊन सेंद्रिय कर्बही धरतील अशी शक्यता आहे, पण सामू बदलून जुना कर्ब सुटण्याचीही आहे. वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

---

खलबत्ता

बांधावरचे दादा, शेवटी एक मोजण्याबद्दल. नेहमीच्या अहवालातला सेंद्रिय कर्ब बहुधा वॉकली-ब्लॅक पद्धतीचा असतो (१९३४ ची आहे ही). डायक्रोमेट आणि गंधकाम्ल घालून कर्ब जाळतात. सगळा जळत नाही, साधारण तीन चतुर्थांश जळतो, म्हणून उत्तराला १.३ ने गुणतात. हा गुणक प्रत्येक मातीला तंतोतंत लागू पडत नाही. खनिजाला घट्ट धरलेला कर्ब तिथेही हात आखडता घेतो. भट्टीत जाळून मोजणाऱ्या यंत्रात सगळा कर्ब येतो, पण चुनखडीतलाही येतो, तो आधी आम्लाने काढावा लागतो. तेव्हा दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून "कर्ब वाढला" म्हणू नका. एकच पद्धत, एकच खोली, वर्षातला एकच काळ, आणि घनता दर वेळी मोजलेली. घनता न मोजता नुसती टक्केवारी सांगणाऱ्याला बेरीजवजाबाकींकडे पाठवा.

---

बेरीजवजाबाकी

पाठवा. नांगरट थांबवल्यावर वरचा थर दबून घनता १.३ ची १.४ झाली तर त्याच १५ सेंटीमीटरमध्ये १५० टन माती जास्त मोजली जाते. अर्धा टक्का कर्ब धरला तर पाऊण टन कर्ब काहीही न करता "वाढला". म्हणून तुलना खोलीवर नको, सारख्या वजनाच्या मातीवर करा.